उलटा बिल्ला

पत्र्याचा नळा रिकामा होता.

ढब्बूनं तो उलटा करून झटकला. एक डोळा मिटून आत पाहिलं. मग कोपरापर्यंत हात घातला आणि तसाच रिकामा बाहेर काढला.

"काडे," ती म्हणाली, "नकाशा नाही गं."

सकाळचे आठ वाजले होते. सिस्टर चहाचे दोन कप घेऊन नुकतीच जिना उतरून दिव्यांच्या खोलीत आली होती. तिनं कप खिडकीत ठेवले आणि मैत्रिणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. छत्तीस वर्षं दवाखान्यात काढल्यावर एवढं कळतंच. माणूस असा पांढरा पडला की आधी खुर्ची द्यायची, प्रश्न नंतर.

"बस आधी."

"बसू काय? चार वाजता तपासनीस साहेब येतोय! काय दाखवू त्याला, हा नळा?"

दुसरीच्या वर्गापासूनच्या या दोघी. एक सरळसोट, दुसरी गोलमटोल, म्हणून एक काडी आणि एक ढब्बू. आता साठी उलटली होती. काडीला सगळं जग सिस्टर म्हणायचं. काडी म्हणणारं माणूस जगात एकच उरलं होतं, आणि ते या डोंगरात, एका बंद पडलेल्या खाणीच्या तोंडाशी राहत होतं.

ढब्बूचा नवरा खाणीचा इंजिनियर. वीस वर्षांपूर्वी खाण बंद झाली, गाव जवळजवळ ओस पडलं, पुढे नवराही वारला. पण ढब्बू हलली नाही. दिव्यांच्या खोलीवरच्या दोन खोल्यांत राहायचं, खाली खाणकामगारांचे दिवे, टोप्या, कुदळी पुसून मांडायच्या आणि येईल त्याला खाणीच्या गोष्टी सांगायच्या, असं तिनं पंधरा वर्षं केलं. आता पाहुण्यांना प्रत्यक्ष आत न्यायची परवानगी मिळायची होती. त्यासाठी खाणीचा मूळ नकाशा हवा होता, कापडावर काढलेला, शिक्क्यासकट. त्याची दुसरी प्रत नव्हती. तो दाखवला तर परवानगी. नाही तर उद्या गवंडी येणार आणि खाणीचं तोंड विटांनी कायमचं बंद करणार. मग दिव्यांच्या खोलीचं काम संपलं, आणि ढब्बूचंही.

"शेवटचा कधी पाहिलास?" सिस्टरनं विचारलं.

"काल संध्याकाळी. तुझ्यासमोरच तर गुंडाळून कपाटात ठेवला."

ते खरं होतं. काल सिस्टर इथं पाहुणी म्हणून आली तेव्हा चहाला तिघं जण जमले होते. एक पाववाली, खालच्या गल्लीत भट्टी चालवणारी, पन्नाशीची, खळखळून हसणारी बाई. दुसरा तिचा भाऊ जीपवाला, पाहुण्यांना डोंगर दाखवून आणणारा. तिसरे मुकादमकाका. खाणीत चाळीस वर्षं काढलेले, खाली काम केलेल्या माणसांतले गावात उरलेले एकटेच.

ढब्बूनं टेबलावर नकाशा पसरून सगळ्यांना दाखवला. भुयारांच्या रेघा, मध्यावर जेवणाची गुहा, कडेला शिक्के. सिस्टर मात्र नकाशापेक्षा पाववालीच्या खांद्यांकडेच बघत होती. तिथं निळी शाल होती. मागच्या थंडीत सिस्टरनं दोन महिने खपून विणली होती ती. ढब्बूसाठी.

पाववाली ढब्बूला "ताई तू" म्हणत होती. साखर कुठल्या डब्यात आहे ते तिला न विचारता माहीत होतं. अर्ध्या वाक्यावर दोघी हसत होत्या, आणि सिस्टर पाहुण्यासारखी कप धरून बसली होती. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिनं नेहमीसारखं देवाचं नाव घेतलं. घेताना मन मात्र शालीपाशीच घुटमळत राहिलं.

"दाराला कुलूप होतं?"

"होतं. सहाला मीच उघडलं, झाडायला. कुलूप जसंच्या तसं."

"खिडकी?"

"गज आहेत, बघ ना."

"किल्ल्या किती?"

"कुलूप गेल्या महिन्यातच बदललं. दोन आल्या त्याच्या. एक माझ्या कमरेला."

"आणि दुसरी?"

ढब्बूनं कमरेची किल्ली चाचपली. "पाववालीकडे. पहाटे पाव ठेवून जाते ना ती."

सिस्टरच्या मनात एकदम काहीतरी हललं. तो आनंद होता. असला आनंद आपल्याला झाला याची तिला लगेच लाज वाटली, पण झाला तो झालाच.

"मुकादमकाकांकडे नाही?"

"जुन्याची होती. नवीन द्यायची राहिली. म्हणाले, मला काय करायचीय आता."

ढब्बू कपाट उपसत होती. सिस्टर खोलीभर नजर फिरवत होती. भिंतीवर तपासनिसाकडे धाडलेल्या अर्जाची प्रत टाचलेली होती. 'आत नेणारा मार्गदर्शक', पुढे ढब्बूचं नाव. 'सहायक', पुढे मुकादमकाकांचं. खोलीच्या टोकाला लोखंडी जाळीचं दार, त्यापलीकडे अंधार. तेच खाणीचं तोंड. त्या दाराला नुसती कडी, आतूनही निघेल आणि बाहेरूनही. आणि दाराच्या शेजारी बिल्ल्यांचा फळा.

बिल्ल्यांची गोष्ट ढब्बूनं कालच सांगितली होती. पितळेचे एकशे बारा बिल्ले, प्रत्येकावर नुसता आकडा. प्रत्येक कामगाराचा आपला एक. आत जाताना तो उलटा करायचा, आकडा भिंतीकडे. बाहेर आलं की सुलटा. "बिल्ला उलटा आहे तोवर माणूस आत आहे, आणि तोवर बाकीचे घरी जायचे नाहीत. बिल्ला न फिरवता आत जाणं म्हणजे मरणच. अडकलास तर शोधायला कुणी येणारच नाही," ढब्बू म्हणाली होती, आणि मुकादमकाकांनी तोंडातल्या तोंडात पुष्टी जोडली होती, "हो, बाई. बरोबर सांगताय."

काल सगळे बिल्ले सुलटे होते. आत्ता, साठ आणि बासष्टच्या मधला एक पाठ करून होता.

ढब्बूचं फडकं लागलं असेल. सिस्टरचा हात तो सरळ करायला उठला, आणि थांबला. दुसऱ्याच्या रुग्णाच्या कागदाला हात लावायचा नाही, ही जुनी सवय.

नऊपर्यंत सगळे गोळा झाले. पाववाली टोपली टाकून धावत आली, जीपवाला आला, डोंगरावरून मुकादमकाका आले. माळा, जिना, जुन्या टोप्यांच्या पेट्या, सगळं पालथं घातलं. शेवटी जो तो टेकून बसला. मुकादमकाका फळ्यापाशी उभे होते, जीपवाला जाळीला टेकून, पाववाली ढब्बूच्या पाठीवरून हात फिरवत.

तो हात सिस्टरला बघवेना.

"सकाळी पाव किती वाजता ठेवलात?" तिनं विचारलं. आवाज मऊच होता. रुग्णाला सुई टोचतानाही तिचा आवाज असाच असे.

"साडेपाचला. रोजच्यासारखा."

"आत आलात?"

"आले की. टेबलावर ठेवला, गेले."

"कपाटाची किल्ली टेबलाच्या खणात असते, माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीतंय, सिस्टर."

"पण बाहेरचं कुलूप सगळ्यांना उघडता येत नाही."

पाववालीचा हात ढब्बूच्या पाठीवरून खाली आला.

"म्हणजे मी नेला? मी?" ती म्हणाली. "आणि करू काय त्याचं, भट्टीत घालू?"

"मी फक्त विचारतेय."

"विचारत नाहीयेस तू!" ढब्बू उसळली. "आल्यापासून बघतेय मी, काडे. तिनं कप उचलला तरी तुझ्या कपाळावर आठी. मला ताप आला होता तेव्हा अकरा दिवस ही माझ्या उशाशी होती. पाठवलंस का तू एक पत्र?"

"मला कळवलंस का?"

"कळवलं असतं तर आली असतीस?"

ढब्बूनं तोंड फिरवलं. "जा तू, डोंगर बघून ये. त्यासाठीच आलीस ना. हा नेईल तुला जीपमधून."

सिस्टरनं पायात चपला सरकवल्या. दारातून निघताना तिची नजर उगाच फळ्यावरून गेली. साठ, एकसष्ट, बासष्ट. सगळे सुलटे.

सकाळी आठला हाच उलटा होता.

जीप वळणं घेत चढू लागली. खाली दरी, समोर करडे डोंगर, त्यांच्या अंगावर जुन्या वाटांच्या पांढऱ्या रेघा. जीपवाल्यानं नजर रस्त्यावरून हलवली नाही. बहिणीवर आळ घेणाऱ्या बाईशी बोलावं तरी काय?

"रागावलायस," सिस्टर म्हणाली.

"नाही. पण एक सांगतो. ताईला नकाशा गेल्याचं जेवढं दुःख आहे ना, त्याच्या दुप्पट माझ्या बहिणीला आहे. तिला स्वतःचं असं कुणी नाही. एक मी, आणि एक ताई."

सिस्टर खिडकीबाहेर बघत राहिली. मलाही नाही, असं तिच्या ओठांवर आलं होतं.

वरचं गाव म्हणजे छपरं उडालेल्या भिंतींच्या रांगा. दगडी चाळी, एक मोडका झुलता पूल, गवतात बुडालेले छोट्या गाड्यांचे रूळ. वाऱ्यानं कुठंतरी पत्रा वाजत होता. एकेकाळी इथं चारशे माणसं राहायची, आता एकच घर शाबूत होतं. त्याच्यापासून वीस पावलांवर डोंगराच्या पोटात एक भोक होतं, पुरुषभर उंचीचं, त्यावर जाळी.

"हे काय?"

"हवेचं भुयार. खाणीत वारा जावा म्हणून."

"खाली कुठं निघतं?"

"थेट दिव्यांच्या खोलीपर्यंत, म्हणतात. पण आत शंभर फाटे आहेत. मी शिरलो तर दहा वर्षांनी माझी हाडं सापडतील." तो पहिल्यांदाच हसला. "मी कामाला लागायच्या आतच बंद झाली खाण. आम्ही कुणी कधी आत गेलोच नाही. माझी बहीण तर भुयाराच्या तोंडाशी उभी राहिली तरी घामाघूम होते."

जाळी तारेनं बांधलेली होती. तार गंजून काळी पडलेली, पण जिथं पीळ दिला होता तिथं आतला धातू चकाकत होता.

"आणि ते घर कुणाचं?"

"मुकादमकाकांचं. दुसरं कोण राहणार इथं!"

काका खालीच होते. सिस्टर ओट्यावर टेकली. ओटा झाडलेला, एकट्या माणसाचं घर असावं तसं जिथल्या तिथं. भिंतीला उंच बूट उलटे टांगलेले, धुतलेले. त्यातून अजून पाणी ठिबकत होतं आणि खाली पिवळसर डाग पडला होता. आठवडाभर पाऊस नव्हता, रस्त्यात नुसता फुफाटा. खुंटीला जेवणाचा जुना डबा होता, झाकणावर खिळ्यानं ठोकून काढलेला आकडा. सहा आणि एक.

सिस्टरनं त्या आकड्यावरून बोट फिरवलं.

समोरच्या डोंगरावर ढगाची सावली सरकत होती. तिला पाववालीचा हात आठवला. आपलं माणूस दुसऱ्याचं झालेलं बघायचं. आपण सांगितलेल्या गोष्टी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायच्या आणि वर म्हणायचं, हो, बरोबर सांगताय.

ती उठली.

"चल खाली," ती जीपवाल्याला म्हणाली. "आणि तुझ्या बहिणीला दिव्यांच्या खोलीत बोलावून आण. तिची माफी मागायचीय मला. सगळ्यांसमोर."

तीन वाजले होते. ढब्बू खुर्चीत बसून होती, डोळे सुजलेले. पाववाली दारातच उभी राहिली, आत यायला तयार नव्हती. मुकादमकाका बाकावर होते.

"सकाळी मी या बाईंना बोलले," सिस्टरनं सुरुवात केली, "ते पुराव्यावरून नाही. मनात होतं म्हणून. नकाशा यांनी नेलेला नाही."

"मग कुणी?" ढब्बू म्हणाली. "कुलूप तर शाबूत होतं."

"कारण चोर कुलपाच्या दारानं आलाच नाही. तो त्या दारानं आला." तिनं जाळीकडे बोट केलं. "डोंगरावरच्या हवेच्या भुयारातून शिरला, आतून चालत इथवर आला, कडी काढली, नकाशा घेतला आणि आल्या वाटेनं परत गेला. वरच्या जाळीची तार नुकतीच पिळलेली आहे."

"आतून चालत?" जीपवाला म्हणाला. "अंधारात?"

"ज्याला आतला फाटा न् फाटा ठाऊक आहे, तो."

कुणीच मुकादमकाकांकडे पाहिलं नाही. न बघणंच इतकं ठळक होतं की काका स्वतःच बोलले.

"मीच म्हणायचंय ना? म्हणा की, सिस्टरबाई. एक तार पिळलेली दिसली, झालो मी चोर."

"बूट का धुतलेत, काका?"

"घाण झाले होते."

"कशानं? बाहेर चिखल कुठाय?"

"म्हाताऱ्या माणसानं बूट धुवायलाही कारण लागतं का आता?"

"नाही लागत," सिस्टर म्हणाली. "बूट राहू द्या. सकाळी आठ वाजता या फळ्यावर एक बिल्ला उलटा होता. एकसष्ट नंबरचा. नऊनंतर आपण सगळे इथं होतो, आणि मी निघाले तेव्हा तो सुलटा झाला होता. तुमच्या डब्यावर एकसष्ट ठोकलेलं आहे."

"पाहुणे फिरवतात बिल्ले. त्यात काय."

"फिरवत असतील. पण काका, मला एकच कळलं नाही. तो उलटाच राहू दिला असतात तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. परत सुलटा का केलात?"

"उलटाच कसा ठेवणार?" मुकादमकाका ताडकन म्हणाले. "माणूस बाहेर आल्यावर बिल्ला—"

ते थांबले.

काकांनी आपल्या हातांकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते.

"बाहेरचा माणूस फळ्याकडे बघतसुद्धा नाही," सिस्टर हळूच म्हणाली. "चोरी करताना तर नाहीच नाही. पण चाळीस वर्षं जो इथून आत गेला, त्याचा हात आपोआप वर जाणारच. नकाशा काखेत असला तरी. मी नोकरी सोडून चार वर्षं झाली, अजून कुणाचा हात हातात घेतला की माझी बोटं नाडीवर जातात. तुम्ही इथून आत गेलात, बिल्ला फिरवलात. पण बाहेर पडलात वरून, डोंगरावर. बिल्ला इथंच उलटा राहिला. सकाळभर तुम्हाला चैन पडलं नसेल."

"चहा गेला नाही," काका म्हणाले.

"पण का?" ढब्बूचा आवाज फुटला. "काका, तुम्ही? खाण बुजवायला निघालात? तुमची खाण?"

"माझी?" काकांनी भिंतीवरच्या कागदाकडे मान वळवली. "माझी आहे होय? वाचून दाखवा की, बाई. आत नेणारा मार्गदर्शक कोण? आणि सहायक कोण? दिवा धरायला."

ढब्बूची नजर कागदावरच्या दोन नावांवरून फिरली.

"पंधरा वर्षं मी सांगायचं, तुम्ही लिहून घ्यायचं. छत कोसळलं तो दिवस मी सांगितला. माझ्या भावाला मी कसा ओढून काढला ते मी सांगितलं. आता तुम्ही ते पाहुण्यांना सांगता, आणि पाहुणे डोळे पुसतात. तुमच्याकडे बघून! मी कोपऱ्यात उभा. कधी कधी तर तुम्ही माझ्यापेक्षा बरं सांगता, त्याचाच जास्त जाच होतो. त्यात कुलूप बदललंत. म्हटलं, बुजू दे. बंद झाली म्हणजे कुणाचीच नाही."

"जाळलात तो?" पाववालीनं दारातून विचारलं.

"जाळीन?" काका दुखावले गेले. "तो खाणीचा नकाशा आहे. जेवणाच्या गुहेत ठेवलाय, कोरड्या जागी. खाणीबरोबर राहिला असता आत."

सिस्टर खाली बसली. तिला विजय वगैरे काही वाटत नव्हतं.

"तुम्हाला कसं सुचलं हो?" काकांनी तिला विचारलं, खरंच कुतूहलानं. "तार, बूट हे कुणालाही दिसेल. पण माझ्या मनातलं?"

"माझ्याही मनात तेच होतं, काका. कालपासून. फक्त मी नकाशा नाही चोरला, एका भल्या बाईला चोर ठरवलं."

साडेतीन झाले होते. जेवणाच्या गुहेपर्यंत जाऊन यायला पाऊण तास लागणार होता, आणि तिथं जाऊ शकणारा माणूस एकच होता. ढब्बूनं एक दिवा पेटवला आणि काही न बोलता त्यांच्या हातात दिला. काकांनी जाळीपाशी जाऊन एकसष्ट नंबरचा बिल्ला उलटा केला आणि ते अंधारात शिरले.

"परत येतील ना?" जीपवाला कुजबुजला.

ढब्बूनं जाळीशी जाऊन कान दिला.

सिस्टर पाववालीजवळ जाऊन उभी राहिली. "सकाळी बोलले ते चुकलं माझं. आणि मनात जे होतं ते त्याहून वाईट होतं."

पाववालीनं पदराला हात पुसले. "मनातलं म्हणाल तर, सिस्टर, माझंही काही धुतल्या तांदळासारखं नाही. सहा वर्षं ऐकतेय. काडी अशी, काडी तशी, काडीनं शाळेत मास्तरांच्या खुर्चीला डिंक लावला. मी काहीही केलं तरी काडीनं ते आधी केलेलं! तुम्ही येणार म्हटल्यावर मी ती शाल मागून घेतली आणि मुद्दाम घालून बसले."

"मुद्दाम?"

"इतका उकाडा होता काल. मेले असते मी त्यात."

सिस्टरला हसू आलं. असं हसू नको त्या वेळी येतं आणि आवरत नाही. पाववालीलाही आवरेना. ढब्बूनं दोघींकडे रागानं पाहिलं.

बरोबर चारला बाहेर गाडी थांबली. तपासनीस साहेब आत आला. पन्नाशीचा, घामेजलेला, काखेत फाइल. खुर्चीवर बसण्याआधीच म्हणाला, "नकाशा?"

"आत आहे," ढब्बू म्हणाली. "आणतायत."

"आत? मूळ नकाशा खाणीत ठेवता तुम्ही?"

"पंधरा मिनिटं थांबा, साहेब."

"मला अंधार पडायच्या आत घाट उतरायचाय." त्यानं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "दहा."

दहा झाली. बारा झाली. साहेबानं फाइल उघडली, लेखणीचं टोपण काढलं. ढब्बू जाळीचे गज धरून उभी होती, बोटं पांढरी पडेपर्यंत. सिस्टरनं डोळे मिटले. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

आधी आतून उजेडाचा एक ठिपका दिसला. मग पावलं वाजली. मुकादमकाका बाहेर आले, कमरेपर्यंत पिवळ्या चिखलानं माखलेले, नकाशा मात्र सदऱ्याच्या आत कोरडा. त्यांनी आधी बिल्ला सुलटा केला. मग नकाशा टेबलावर ठेवला.

साहेबानं शिक्के तपासले, रेघांवरून बोट फिरवलं, मान डोलावली. ढब्बू खुर्चीत टेकली. पण साहेब फाइलमधला अर्ज वाचत होता.

"मार्गदर्शक आपण? खाली किती पाळ्या केल्यात?"

"पाळ्या? मी... मी पंधरा वर्षं याचा अभ्यास—"

"अभ्यास नाही विचारला. खाली काम केलंय का?"

"नाही."

"मग नाही चालणार. आत पाहुण्यांची जबाबदारी खाली काम केलेल्या माणसाचीच. नियम आहे. आहे कुणी असा?"

ढब्बूनं काकांकडे पाहिलं. ज्या माणसानं तिला आयुष्यातून उठवायचा घाट घातला होता, तो समोर चिखलात निथळत उभा होता. ती एक शब्द बोलली असती तर तो साहेबाच्या गाडीतून थेट पोलीस चौकीत गेला असता. सिस्टरला तिच्या गळ्याची शीर उडताना दिसली.

"आहेत," ढब्बू म्हणाली. "हे. एकसष्ट नंबर. नावांची अदलाबदल करा, साहेब. सहायक मी."

काकांनी डोळे वर केले नाहीत.

साहेबानं लिहिलं, सही ठोकली. "मग दाखवा तर खरं, किती सुरक्षित आहे ते. शंभर पावलं तरी." जीपवालाही हौसेनं निघाला. काकांनी दोघांना एकेक बिल्ला फिरवायला लावला, दिवे दिले, आणि तिघं आत गेले.

ढब्बू जाळीपाशी उभी राहिली. सिस्टर तिच्या शेजारी. आतून काकांचा आवाज घुमत येत होता, शब्द अर्धवट लागत होते. मग साहेबाचं एक मोठं "अरे बाप रे!" आलं, आणि पाठोपाठ हसणं. त्या रुक्ष माणसाचं हसणं.

सिस्टरनं मैत्रिणीकडे पाहिलं. ढब्बूचा जबडा आवळला होता. डोळे अंधारात रुतलेले, नाकपुड्या किंचित फुललेल्या. तो चेहरा सिस्टरला लगेच ओळखू आला. काल संध्याकाळी आरशासमोर वेणी सोडताना तिनं तो पाहिला होता.

"छत कोसळलं ती गोष्ट अशी नाही सांगायची," ढब्बू दात आवळून म्हणाली. "आधी आवाज येतो. मग शांतता. ते शांतता विसरले. मी जाऊन सांगते थांब—"

सिस्टरनं तिचं कोपर धरलं. दुसरं कोपर मागून येऊन पाववालीनं धरलं.

"सांगू दे गं त्यांना," सिस्टर म्हणाली.